बाहुली हलवण्याआधी

(सावंतवाडीत कलाशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

मी स्टॉप-मोशन करते, म्हणजे बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा, आणि असे फोटो सलग दाखवून ती चालती करायची, असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक वाक्य बोलतो. "म्हणजे ते मातीचं ना?" किंवा "बाप रे, केवढी चिकाटी लागत असेल!" पहिल्याला मी हो म्हणून टाकते. दुसऱ्याशी मात्र माझं भांडण आहे, आणि आजचा बराचसा वेळ मी तेच भांडण तुमच्यासमोर मांडणार आहे.

चिकाटी लागते, हे खरंच. हिशेब साधा आहे. सिनेमा सेकंदाला 24 चित्रं दाखवतो. आपण सहसा एक पोझ दोन चित्रांपुरती धरतो, त्याला आमच्याकडे 'टूजवर करणं' म्हणतात. म्हणजे सेकंदाला 12 पोझ, मिनिटाला 720. एवढ्या वेळा बाहुलीला हात लावायचा, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा. नवा विद्यार्थी दिवसभर राबला तर चार-पाच सेकंद पदरात पडतात. पण चिकाटी ही काही आपल्याकडे दुर्मिळ गोष्ट नाही. भर मे महिन्यात फणसाचे पापड घालणाऱ्या कुठल्याही बाईकडे ती माझ्याहून जास्त असते. विद्यार्थी अडतो तो दुसरीकडे. तीनशेवा फोटो काढताना त्याच्या लक्षात येतं की ही मुलगी दाराकडे का चालली आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही. मग तो तिला दारापर्यंत नेतो, तिथे तिचा हात वर करतो, मान वळवतो, पापण्या मिटवतो. सगळं हलतं आणि काहीच घडत नाही.

दादासाहेब फाळक्यांची दोन कामं शेजारी शेजारी ठेवून बघा. 1912 साली लंडनहून आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि वेल वाढेपर्यंत त्याचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. तीच 'अंकुराची वाढ'. सिनेमासाठी भांडवल देणाऱ्याला पटवायचं होतं, त्यासाठी केलेला तो नमुना. पुढे 1915च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात काड्यापेटीतल्या काड्या आपल्या आपण हलतात. दोन्हींचं तंत्र वरवर एकच आहे, थांबून थांबून चित्र घ्यायचं. पण वाटाण्याच्या वेळी कुठे वळायचं, केव्हा पान फोडायचं, हे सगळं वाटाण्याने ठरवलं. फाळक्यांनी कॅमेरा जागचा हलू दिला नाही आणि रोज हजेरी लावली. आगकाडीला मात्र कुठेच जायचं नसतं. ती कुठून निघेल, किती वेगाने, कुठे थबकेल, तिच्या पाठोपाठ दुसरी केव्हा येईल, यातलं एकूण एक फाळक्यांना ठरवावं लागलं असणार. टाइम-लॅप्स आणि स्टॉप-मोशन यांच्यातला फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. फाळके जादूचे प्रयोगही करायचे हे तुम्हाला माहीत असेल. प्रेक्षकाने कुठे बघायचं हे आधीच ठरवून ठेवायची सवय त्यांना तिथूनच लागली असावी, असा माझा आपला अंदाज.

हे ठरवण्याचं काम टेबलावर दिव्याखाली उभं राहून होत नाही. ते कागदावर होतं. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या महिन्यात कोणालाही बाहुलीला हात लावू देत नाही. मुलं वैतागतात.

हा कागद म्हणजे स्टोरीबोर्ड, अख्खी गोष्ट एकापुढे एक चित्रांत मांडलेली. स्टोरीबोर्ड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सुबक चौकटी येतात, जणू कॉमिकचं पान. तसे बोर्ड असतात, पण ते निर्मात्याला दाखवायचे. कामाचा बोर्ड वेगळा. तो पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटींत, पेन्सिलीने, काड्यांची माणसं काढून करायचा. चित्र चांगलं आलं की ते फाडताना जीव तुटतो, आणि बोर्डावरचं चित्र फाडता आलंच पाहिजे. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत चित्रं सुट्या कागदांवर काढून फळ्यावर टाचण्यांनी लावायला लागले. वेब स्मिथ नावाच्या कथाकाराला त्याचं श्रेय देतात. चित्रं त्याआधीही काढत होतेच. नवं होतं ते टाचणीने लावलेलं असणं. टाचणी काढली की दुसरं चित्र चौथ्या जागी जातं, चौथं कचऱ्यात जातं, गोष्ट बदलते. वहीत पानामागून पान काढत गेलात तर हे होत नाही. म्हणून वही नको. चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा घ्या आणि एक भिंत रिकामी करा.

आता तुम्ही ज्या भागात राहता तिथे मी हे सांगायचं म्हणजे थोडं अवघडच वाटतं. इथून जवळच, कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सांगत आली. एकेका आख्यानाची चित्रांची पोथी, त्यातलं एकेक चित्र लोकांसमोर धरायचं, वाद्याच्या साथीने तेवढा भाग सांगायचा, गायचा, आणि पुढचं चित्र घ्यायचं. ही परंपरा सांभाळणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तुमच्यातल्या अनेकांनी ही चित्रं पेपरात पाहिली असतील. प्रत्यक्ष जाऊन बघा. नुसतं 'वारसा' म्हणून बघू नका, कामाच्या नजरेने बघा. रामायणातला एवढा मोठा प्रसंग, त्यातला नेमका कोणता क्षण चित्रासाठी निवडलाय? बाण सुटायच्या आधीचा, की लागल्यानंतरचा? पात्रं बहुतेक बाजूने दिसतात, डोळे मोठे, आणि कोण कोणाकडे बघतंय हे लांबूनही कळतं. चित्र अजिबात हलत नाही, तरी समोर बसलेल्यांची गोष्ट अडत नाही. ज्याला हे निवडणं जमलं त्याचा बोर्ड जमला.

बोर्ड भिंतीवर लागला की तो मोठ्याने सांगायचा. समोर असा माणूस बसवा ज्याला तुमच्या फिल्मबद्दल काही माहिती नाही, आणि चौकटीवर बोट ठेवत जा. बोलताना तुम्ही "म्हणजे ना, इथे खरं तर तिला आठवतं की..." असं म्हणालात, तर तिथे एक चौकट कमी आहे. तुम्ही दोन चौकटी एकाच श्वासात ओलांडल्यात, तर तिथे एक जास्त आहे. ऐकणारा तुमच्या आधीच पुढचं ओळखून मान हलवायला लागला तर सावध व्हा.

मग अॅनिमॅटिक. चौकटींचे मोबाइलवर फोटो काढायचे, एकापुढे एक लावायचे, आणि प्रत्येक फोटो किती वेळ दिसेल ते ठरवायचं. आवाज स्वतःच्या तोंडाने द्या, दाराची करकर, पाऊस, संवाद, सगळं. ही फिल्मची पहिली आवृत्ती आणि ती एका संध्याकाळी तयार होते. ती बघताना कंटाळा आला तर बाहुल्या बनवल्यावरही येणारच. इथे एक गोष्ट हमखास दिसते. मुलं हालचालीला वेळ देतात आणि थांबण्याला देत नाहीत. आजीने पत्र उघडलं, वाचलं, खाली ठेवलं. वाचून झाल्यावर आणि खाली ठेवण्याआधी जी दीड सेकंदाची स्तब्धता हवी, ती कोणाच्याच बोर्डात नसते. खरं तर ती सगळ्यात स्वस्त असते. तिथे बाहुलीला जवळपास हातच लावायचा नसतो, अध्येमध्ये एखादी पापणी, बस.

इंग्लंडमधलं एक उदाहरण सांगते, कारण ते विद्यार्थ्याचंच आहे. निक पार्कने 'अ ग्रँड डे आउट' ही फिल्म 1982च्या सुमारास फिल्म स्कूलमध्ये शिकत असताना सुरू केली. ती पुरी झाली 1989मध्ये, तोवर तो ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओत कामाला लागला होता. त्यातला ग्रोमिट हा कुत्रा आधी बोलणार होता. काम करताना पार्कच्या लक्षात आलं की तोंडाची खटपट करण्यापेक्षा नुसती भुवई हलवली, कान जरा मागे घेतले, तरी कुत्र्याला काय वाटतंय ते कळतं. मग तोंड गेलं. पुढे ग्रोमिट जगभर ओळखला गेला तो त्या भुवईमुळे. लोक ही गोष्ट सात वर्षांच्या चिकाटीची म्हणून सांगतात. मला तिच्यात एका माणसाने तोंड काढून टाकण्याचा घेतलेला निर्णय दिसतो. आपल्याकडे मुंबईतल्या स्टुडिओ ईकसॉरसची 'टोकरी' ही छोटी फिल्म 2017मध्ये आली. तीही अनेक वर्षं चालली होती. ती बघताना सेट आणि गर्दी यांच्या पलीकडे, बाप-लेकीच्या प्रसंगांत हालचाल किती कमी ठेवलीय ते बघा.

बोर्डाचा आणखी एक रोकडा उपयोग आहे. सुतार कामाला लागण्याआधी माप घेतो ना, ते माप म्हणजे बोर्ड. पूर्ण फिल्ममध्ये मुलीचे पाय एकदाच दिसत असतील, तर बाकीच्या वेळी तिला कमरेखाली एखाद्या ठोकळ्यावर घट्ट बसवून टाका. खोलीच्या दोनच भिंती दिसणार असतील तर तिसरी बांधू नका, तिथून तुमचा हात आत जाणार आहे. विद्यार्थ्यांच्या खिशात पैसे नसतात आणि वेळ त्याहून कमी असतो. यातला निम्मा खर्च कागदावरच वाचतो.

आता बाहुलीकडे येऊ.

आतला सांगाडा अॅल्युमिनियमच्या तारेचा करा, दोन पदरी, ड्रिलमध्ये धरून पिळलेली. लोखंडी तार वाकवली की थोडी परत येते, ते आपल्याला चालत नाही. तार तुटणार हे गृहीत धरा. तुटते ती बहुधा घोट्यात किंवा कमरेत आणि नेहमी शॉटच्या मधोमध. म्हणून हात-पाय बदलता येतील असे ठेवा. तळपायात नट बसवा, प्लायला भोकं पाडा, खालून स्क्रू आवळा, बाहुली एका पायावरही उभी राहते. प्लायला भोकं पाडायला जीव धजत नसेल तर लोखंडी पत्रा आणि चुंबक वापरा, पण चुंबक बऱ्याचदा दगा देतो.

माती. शाडू नको, ती वाळते आणि तडकते. तेलातली मॉडेलिंग क्ले लागते, प्लॅस्टिसिन जातीची. ती वाळत नाही, पण कोकणातल्या एप्रिल-मेमध्ये दिव्याखाली तिचं काय होतं ते तुम्ही बघालच. नाक ओघळतं. त्यामुळे डोकं आणि हात मातीचे, अंग कापडाचं किंवा स्पंजचं, हा आपल्या हवेला मानवणारा मार्ग. आणि तुमच्या चितार आळीत जी लाकडी खेळणी होतात, त्यांच्याकडे कोणी वळत का नाही हे मला समजत नाही. लाकूड वितळत नाही, त्यावर बोटांचे ठसे उमटत नाहीत. तोंड हलवायचं तर एकाच मापाची चार-पाच डोकी कातून आणि रंगवून घ्यायची आणि फ्रेमगणिक बदलायची. रिप्लेसमेंट म्हणतात ते हेच. परदेशातले मोठे स्टुडिओ आता असे चेहरे थ्रीडी प्रिंटरवर छापतात. तुमच्याकडे कातारी आहे.

ठशांवरून आठवलं. 1933च्या 'किंग काँग'मध्ये त्या माकडाच्या अंगावरची लव सारखी थरथरताना दिसते. तो वारा नव्हता. प्रत्येक फ्रेमला बाहुली हलवणाऱ्याची बोटं त्या केसांवरून फिरत होती. लोकांना वाटलं माकड चिडलंय. नशीब एखाद्याचं असं असतं, तुम्ही त्यावर विसंबू नका.

सेट बांधायला तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. दिवाळीत किल्ला केलेली मुलं तुम्ही, गोणपाटावर चिखल थापून डोंगर कसा करायचा आणि मोहरी पेरून हिरवळ कशी आणायची ते तुमच्या हातात आहे. फक्त मोहरी पेरू नका, शॉट चालू असताना ती वाढते. भुसा रंगवून घ्या.

प्रकाश हा मात्र शिकायचाच विषय. खिडकीच्या उजेडात शूट करायचं नाही. सूर्य सरकतो, ढग येतो, आणि दोन सेकंदांच्या शॉटमध्ये दुपारची संध्याकाळ होते. खिडक्यांना काळा कागद लावा. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स, सगळं हाताने ठरवून लॉक करा. मोबाइल असेल तर स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या अॅपमध्ये ती सोय आहे. कॉम्प्युटरला कॅमेरा जोडणारे बहुतेक जण ड्रॅगनफ्रेम हे सॉफ्टवेअर वापरतात. तरीही चित्र लुकलुकत असेल तर दिवा तपासा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. शटर झटकन उघडून मिटलं तर प्रत्येक फोटो त्या चढउताराच्या वेगळ्या टप्प्यावर पडतो. आपली बाहुली कुठे पळून जाणार नाही, म्हणून शटर सावकाश ठेवा, एक पन्नासांश किंवा त्याहून लांब, अगदी अर्धा सेकंदही चालतो. मग ते चढउतार एकमेकांत मिसळून जातात. डीएसएलआरच्या लेन्समधलं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, दर फोटोला किंचित वेगळं मिटतं, त्यानेही लुकलुकतं. जुनी, हाताने अॅपर्चर फिरवायची लेन्स मिळाली तर ती घ्या. पांढरा शर्ट घालून उभे राहू नका, त्याचा उजेड सेटवर पडतो. दर फोटोला एकाच जागी उभे राहा. आणि लाइट जाण्याच्या वेळा माहीत असतील तर शॉट त्या हिशेबाने सुरू करा.

हालचालीचा पहिला धडा नाण्याचा. रुपयाचं नाणं टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 12 पोझमध्ये न्या, सारख्या अंतराने. बघा. यंत्र सरकल्यासारखं वाटेल. आता तेच 12 पोझमध्ये, पण सुरुवातीला अंतर अगदी थोडं, मध्ये मोठं, शेवटी पुन्हा थोडं. नाण्याला वजन येतं. तिसऱ्यांदा मध्येच तीन फोटो नाणं अजिबात हलवू नका आणि मग सोडा. आता नाण्याला मन आहे. आठवडाभर एवढंच करा. चालायला लावण्याची घाई करू नका. चालणं सगळ्यात अवघड, साधारण अर्ध्या सेकंदाला एक पाऊल, म्हणजे टूजवर पावलामागे सहा पोझ, आणि त्या सहांत अंगाचा तोल एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा.

कागदावरच्या अॅनिमेशनमध्ये आधी मुख्य पोझ काढून मधली चित्रं नंतर भरता येतात. आपल्याकडे ते नाही. पहिल्या फोटोपासून शेवटापर्यंत सरळ जावं लागतं. मागच्या फोटोची पुसट छाया स्क्रीनवर दाखवणारं ऑनियन स्किन असतं, त्याने मागचं कळतं. पुढचं कुठून कळणार? ते डोप शीटमध्ये. एका कागदावर फ्रेमचे आकडे खाली खाली लिहायचे आणि शेजारी नोंद, 14व्या फ्रेमला नजर वळते, 20व्याला मान, 26व्याला अंग. आधी नजर, मग मान, मग अंग. हे लिहिलेलं असलं की मध्ये कोणी चहा घेऊन आलं तरी चालतं.

संवाद असेल तर तोच आवाज फ्रेमगणिक फोडून शीटवर लिहायचा. इंटरनेटवर ओठांच्या आकारांचे तक्ते मिळतात, ते इंग्रजीसाठी केलेले. मराठीसाठी तुमच्या शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात तक्ता आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. त्यातले ओष्ठ्य तेवढे सांभाळा. प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत, तिथे चुकलात तर प्रेक्षकाला ताबडतोब खटकतं. ट, ठ, ण, ळ यांचा सगळा कारभार तोंडाच्या आत चालतो, बाहेरून जवळपास काही दिसत नाही. त्यांच्यासाठी वेगळा आकार करू नका. मग उरतात स्वर. आ, ई, ऊ, ओ आणि एक मिटलेलं तोंड. पाच डोक्यांत मराठी बोलून होतं. तरी माझा सल्ला, पहिल्या फिल्ममध्ये कोणाला बोलू देऊ नका.

शेवटी प्रश्न झाले, त्यातले दोन इथे घेते.

एकाने विचारलं, "मॅडम, हे सगळं कॉम्प्युटरवर किंवा आता एआयने होतंय, मग हाताने का करायचं?" करू नका. खरंच सांगते. ज्याला बाहुलीला हात लावावासा वाटत नाही त्याने इकडे यायची सक्ती नाही. पण बोर्ड शिका. चित्र कोणीही काढू दे, कुठला क्षण दाखवायचा आणि तो किती वेळ ठेवायचा हे सांगणारा माणूस लागतोच, आणि त्याचे पैसे चांगले मिळतात. पुढे शिकायचं असेल तर अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था आहे, पवईला आयआयटीत आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे. दोन्हीकडे अॅनिमेशन शिकवतात.

एका मुलीने विचारलं, पहिली फिल्म केवढी करावी. तीस सेकंद. एक पात्र, एक जागा, एक अडचण. भिंतीवर जास्तीत जास्त दहा चिठ्ठ्या. मोबाइल स्टँडला टेपने बांधून टाका आणि स्टँड जमिनीला. बाहुलीला हात लावायच्या आधी चार्जर लावून ठेवा. शॉट अर्ध्यात असताना घरच्यांचा फोन आला तर स्पीकरवर घ्या, उचलू नका. एकदा जागचा हलला की तो पुन्हा त्याच जागी बसत नाही.